सातव्या महिन्यातली बोट

आमच्या बाबांना छंद एकच होता, आगबोट बघण्याचा. कुणाला भजनाचा असतो, कुणाला पत्त्यांचा, कुणाला दुसऱ्याच्या भांडणात पडण्याचा. बाबा कचेरीतून आले की कोट खुंटीला अडकवायचे, टोपी डोक्यावर तशीच ठेवायचे, उभ्याउभ्या चहा घ्यायचे आणि मांडवीच्या धक्क्यावर जायचे. मुंबईची बोट यायची वेळ असो नसो. बोट नसली तर ती ज्या बाजूने येणार त्या बाजूला बघत बसायचे. आई म्हणायची, एखादी बाई ठेवली असती तर मला भांडता तरी आलं असतं, बोटीशी काय भांडू? हे ती चारचौघांत म्हणायची आणि बाबा होय म्हणायचे.

रत्नागिरीला तेव्हा बोट काठाला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, रडकी पोरं असा सगळा बाजार पडावांतून तिच्याकडे जायचा. पडाव म्हणजे वल्ह्यांची मोठी होडी. पडावात पाय ठेवण्याआधी निम्मं गाव बाबांचा सल्ला घ्यायचं. पोट रिकामं ठेवू नका, तुडुंब भरूही नका. बोटीच्या मधोमध बसा. लिंबू हुंगा. पाण्याकडे बघू नका, लांब जमिनीकडे बघा. हर्णैला हलते, तिथे आधीच आडवे व्हा. ज्यांना गुण आला ते परत येऊन सांगायचे. ज्यांना आला नाही ते पुन्हा बोटीत बसलेच नाहीत, त्यामुळे तक्रार अशी कधी आली नाही.

एवढं सगळं ठाऊक असलेला हा माणूस जन्मात एकदाही आगबोटीत बसला नव्हता, आणि हे मला लग्न होऊन पोटुशी राहीपर्यंत कळलं नव्हतं. कसं कळणार? मुंबईला जायची वेळ बाबांवर क्वचित यायची, आणि आली की ते घाट चढून कोल्हापूरला जायचे, तिथून आगगाडीने पुणे, मग मुंबई. आधी बैलगाडीने, पुढे घाटातून सर्व्हिस मोटारी धावायला लागल्यावर मोटारीने. मला वाटायचं, मुंबईचा रस्ता तोच; बोटीने जातात ती हौशी माणसं. आईला एकदा विचारलं तर ती म्हणाली, त्यांना दगदग आवडते.

माझं लग्न ठरलं ते गिरगावात. मुलगा पेढीवर नोकरीला, घरची माणसं आपल्याकडचीच. वऱ्हाड बोटीने आलं. बाबा लिंबांची टोपली घेऊन धक्क्यावर हजर. पडावातून उतरताना सासूबाई ज्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, त्या मंगलाष्टकांपर्यंत माणसांत आल्या नाहीत, आणि त्याचा राग त्यांनी पुढे बरीच वर्षं माझ्यावर काढला. समुद्र जसा काही आमच्या परसात होता. सासरी निघाले तेव्हा पाठराखीण म्हणून आत्या आली. सगळे रडत होते. बाबा मला एवढंच म्हणाले की मधोमध बस. मला मेला असा राग आला! लेकीला सासरी धाडताना बाप काहीतरी मायेचं बोलतो, आमच्या बापाने बसायची जागा सांगितली.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. न्यायला माहेरचा माणूस येतो. मला भाऊ नाही, म्हणजे बाबाच. आणि न्यायचं ते पाचव्या महिन्यात नाहीतर सातव्यात. सहाव्यात, आठव्यात आमच्याकडे पोटुशी बाई हलवत नाहीत. पाचवा आला फाल्गुनात. फाल्गुनातला आमचा समुद्र म्हणजे ताटात वाढलेलं वरण, जागचा हलत नाही. बाबांचं कार्ड आलं की शिमगा तोंडावर आहे, देवाची पालखी घरी यायची, ती झाली की येतो. पालखी होऊन जाईपर्यंत सहावा लागला. सातवा लागला तेव्हा कार्ड आलं, अमावास्या जाऊ दे. अमावास्या गेली तर व्यतीपात आला. मग आलं की आंबा उतरवतोय, गडी मिळत नाहीत. आमची आंब्याची झाडं होती दोन, आणि त्यांतलं एक वर्षाआड धरायचं.

सासूबाई म्हणाल्या, तुझ्या माहेरचं पंचांग भलतंच जाड दिसतंय. मला तोंड नव्हतं असं नाही, पण त्या खोटं बोलत नव्हत्या.

त्या चैत्रात चाळीत आमच्या पलीकडच्या खोलीतली बाई बाळंतपणात गेली. माझ्याच वयाची. आदल्या दिवशी नळावर आम्ही दोघी हंडे भरत उभ्या होतो आणि ती मला तिच्या डोहाळ्यांचं सांगत होती. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सासूबाई वाईट नव्हत्या, सुईणही नावाजलेली होती. पण मला आई हवी होती. दुसरं काही नको होतं. मरायचंच असेल तर आईजवळ मरावं असं वाटायचं, आणि जगायचं असेल तर तिच्याजवळ जास्तच जगेन असं वाटायचं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मी तांदूळ निवडत बसायची आणि जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर करायची.

वैशाख सरत आला. पावसाळ्यात आगबोटी बंद, त्या थेट नारळी पौर्णिमेनंतर सुरू व्हायच्या. सासूबाईंनी एक दिवस सांगून टाकलं, "आठवा लागला की उंबरा ओलांडायचा नाही. मग काय होईल ते इथंच."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दारात. डोक्यापासून वहाणांपर्यंत लाल धूळ, हातात आंब्यांची करंडी, करंडीतले निम्मे आंबे दबलेले. सासूबाईंना उलगडा होईना, कारण बोट त्या वेळी येत नाही आणि बोटीत धूळ नसते. बाबा म्हणाले, कोल्हापूरला जरा काम होतं. बाबांना कोल्हापूरला उभ्या जन्मात काम नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं, ते करंडीकडे बघायला लागले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शिमगा, अमावास्या, व्यतीपात, आंबा. समुद्र निवळ होता तेव्हा या माणसाने पंचांग धरलं, आणि आता पावसाळा दारात येऊन उभा राहिल्यावर आला.

बाबांचा बेत असा होता की मला घाटावरूनच न्यायची. मोटारवाल्याशी त्यांचं बोलणं झालेलं होतं, तो पुढची जागा देणार होता, वर दोन उशा. हे त्यांनी सासूबाईंना समजावून सांगितलं, अगदी उशांसकट. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, पोर काय घाटातच काढायचंय? बोटीनं न्यायची तर न्या, नाहीतर राहू दे. आणि बोट तर परवाची, शेवटची.

बाबांनी चहा बशीत ओतला. मग बशीतला परत कपात ओतला. मी दाराआड उभी होते आणि मला वाटत होतं, हे आता काहीतरी तिथी काढणार. काढली असती तरी मी त्यांना काय बोलणार होते! घाबरलेल्या माणसाला काय बोलायचं?

"बोटीनं नेतो," बाबा म्हणाले. त्यानंतर ते आंघोळीला गेले आणि इतका वेळ बाहेर आले नाहीत की चाळीतल्या लोकांनी दार वाजवलं.

भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा आभाळ भरलेलं होतं. बाबांनी मधोमध सतरंजी घातली, मला बसवलं, माझ्या हातात लिंबू दिलं आणि लांब जमिनीकडे बघायला सांगितलं. हे सगळं व्यवस्थित झालं. मुंबईची गोदी मागे पडून बोट बाहेरच्या पाण्यात आली मात्र, बाबा आडवे झाले ते झालेच. मला काही झालं नाही. बाजूला आमच्याच गावचा एक दुकानदार होता, बाबांचा सल्ला घेऊन वर्षानुवर्षं मुंबईच्या खेपा करणारा. त्याने बाबांना ओळखलं आणि त्याला काय करावं कळेना. शेवटी त्याने बाबांना लिंबू हुंगायला सांगितलं. बाबांनी डोळे मिटलेले होते, तरी त्यांना लाज वाटलेली मला दिसली.

त्यांचं डोकं मी मांडीवर घ्यायला गेले. मांडीवर फारशी जागा नव्हती, आधीच एकजण बसलेलं होतं. कशीबशी उशी सरकवून डोकं टेकवलं. लहानपणापासून बाबांना मी कधी असा हात लावला नव्हता. तेव्हा बापाला हात लावायची पद्धत नव्हती, नमस्कारापुरता पायाला लावायचा तेवढाच. त्यांच्या कपाळाला गार घाम होता. हर्णैला बोट थांबली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि आपण होऊन बोलले, "मला पाण्याची भीती वाटते गो. पहिल्यापासून."

मी विचारलं, मग रोज धक्क्यावर कशाला जात होतात?

"गेलेली माणसं परत येतात का बघायला," ते म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. दाभोळपर्यंत मी त्यांचं कपाळ पुसत होते आणि मला रडू येत होतं. दुकानदाराला वाटलं, माझ्या पोटात दुखतंय. त्याने आपल्या बायकोला उठवलं.

रत्नागिरीसमोर बोट उभी राहिली तेव्हा उजेड होता, पण पाणी चांगलंच उसळत होतं. पडाव कसाबसा जवळ आला. बोटीची शिडी सोडली होती, तिच्याखाली पडाव एकदा माडाएवढा वर यायचा आणि एकदा विहिरीत गेल्यासारखा खाली जायचा. पुरुष उतरले. मग पडावाचा तांडेल, नावाड्यांचा म्होरक्या, खालून ओरडला की अवघडलेली बाई मी घेणार नाही, तिला पुढच्या बंदरावर न्या. पुढचं बंदर म्हणजे अनोळखी गाव, तिथून परत यायला बोट नाही, वर पाऊस. मी शिडीचा दोर धरून उभी होते. समोर मांडवी दिसत होती, आमच्या घरामागचे माड ओळखू येत होते, आणि त्या माडांखाली आई पाणी तापवून बसली असणार.

दिवसभर मान वर न केलेले बाबा उठले. माझ्या पुढे होऊन शिडीवरून उतरले, शेवटच्या पायरीवरून पडावात जवळजवळ पडलेच. मग उभे राहिले. तांडेल त्यांना बसा बसा म्हणून शिव्या घालत होता. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"ये गो बाय. पडाव वर आला की सांगतो, तेव्हा नुसता पाय सोड. मी आहे खाली."

हजारदा त्यांनी धक्क्यावरून हे बघितलेलं. त्यांनी सांगितलं तेव्हा मी पाय सोडला. त्यांनी चुकीच्या वेळी सांगितलं. पडाव वर येऊन खाली चालला होता. मी पडले ती सरळ त्यांच्या अंगावर, आणि आम्ही दोघं ट्रंकांवर. तांडेलाने आमच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. मला खरचटलंसुद्धा नाही, कारण माझ्याखाली पहिल्यापासून शेवटपर्यंत बाबा होते. त्यांचं उजवं मनगट मोडलं. ते मला पुन्हा पुन्हा विचारत राहिले, हलतंय का आत, हलतंय का? हलत होतं. चांगलं लाथा मारत होतं.

मुलगी झाली, आईच्या हातावर. बाबांनी डाव्या हाताने पाळण्याची दोरी ओढली. मनगट नीट बसलं नाही ते नाहीच, पण कचेरीत चालून जायचं. बोटीतल्या प्रवासाचं आईने विचारलं तेव्हा ते म्हणाले की समुद्र तसा ठीक होता. दुकानदाराने ही गोष्ट गावभर केली होती, त्यामुळे धक्क्यावर आता कुणी सल्ला मागत नसे. बाबा मात्र जायचेच.

दसरा झाल्यावर आमचे हे न्यायला आले. ते होते, म्हणजे दुसऱ्या कुणी यायची गरजच नव्हती, धक्क्यावरून निरोप दिला असता तरी चाललं असतं. पण आम्ही पडावात चढलो तर मागून बाबाही चढले, मुलीला घेऊन. आई काठावरून बघतच राहिली. शिडीशी पोचल्यावर आधी मला चढू दिलं, मग मुलीला वर दिलं, तिच्या टोपड्याचा बंद नीट केला. पाणी त्या दिवशी अगदी शांत होतं.

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. तार आली तेव्हा बोटी बंद होत्या, घाटात दरड आलेली, आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. म्हणून माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन ते, शिडीखालचं.

पडाव त्यांना एकट्याला घेऊन परत निघाला. माणसं परत जाताना तोंड काठाकडे करून बसतात. बाबा आमच्याकडे तोंड करून बसले होते. बोटीने भोंगा दिला. आमचे हे म्हणाले, तुझे बाबा कमाल आहेत, एवढे पोचवायला आले आणि साधा हात करत नाहीत. बाबांचे दोन्ही हात पडावाच्या काठाला होते, मोडकं मनगटसुद्धा, आणि ते सोडायची त्यांची छाती नव्हती. मीच हात हलवत राहिले. रडतही होते, आणि मांडीवर मुलगी भुकेने ओरडत होती.