दादा घ्यायचा ती गोळी

वहिनीचा फोन आमच्या डिपार्टमेंटच्या ऑफिसात आला, तेव्हा मी नुकत्याच उंदराच्या यकृतातल्या मायटोकाँड्रिया वेगळ्या करून बर्फात ठेवल्या होत्या. "ह्यास्नी उठवतोय, उठंनात," एवढंच ती म्हणाली. शिवाजी पेठेतल्या घरी पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. एकावन्न वर्षांचा होता दादा.

वडील लवकर गेले, म्हणून थोरल्या भावानं शाळा सोडली, शिरोलीच्या फाउंड्रीत ओतकामाचे साचे भरणारा मोल्डर झाला आणि मला शिकवलं. नव्वदच्या दशकात मी पीएच.डी.ला लागले, त्याच सुमारास तो गप्प होत गेला. कामाला जाईना, जेवेना, भिंतीकडं तोंड करून पडून राही. मीच त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी इमिप्रामिन सुरू केलं, ट्रायसायक्लिक गटातलं नैराश्यावरचं जुनं औषध. महिना-दीड महिन्यात तो पुन्हा सायकलवर टांग टाकून शिरोलीला जाऊ लागला.

आणि माझ्या प्रबंधाचा विषय होता, याच गटातल्या औषधांचा मायटोकाँड्रियावर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांवर होणारा परिणाम. गाईडनी दिलेला विषय, मी निवडलेला नव्हे. औषधाची मात्रा वाढवली की ते कण ऑक्सिजन कमी घ्यायचे, ऊर्जा कमी तयार व्हायची. आलेखाच्या कागदावरची रेघ खाली उतरताना मला दादा दिसायचा...

एका रविवारी त्यानंच विचारलं, "तुझ्या उंदरांस्नी माझीच गोळी देतीस व्हय?"

खोटं बोलता आलं नाही. परीक्षानळीतली मात्रा फार मोठी असते, माणसात तसंच होईल असं नाही, हेही सांगितलं. त्यानं तेवढं ऐकलंच नाही बहुतेक. "म्हंजे भट्टीचा जाळ कमी हुतोय," तो म्हणाला. "तरीच जिना चढताना दम लागतोय."

कुणाला न सांगता त्यानं गोळी सोडली. दोन महिन्यांनी तो पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडलेला होता. मी हातापाया पडले. "तूच म्हणालीस न्हवं?" एवढंच बोलला. मग माझ्याकडं बघत बघत त्यानं गोळी गिळली. पुढं आठ वर्षं रोज संध्याकाळी जेवण झालं की दाराजवळच्या खुर्चीत बसून, वहिनीनं आणून ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्याबरोबर घेतली, आणि सकाळी कामावर गेला.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, वहिनीनं मला बाजूला घेतलं. "त्या गोळीनं झालं का ओ, वन्सं?" या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, डॉक्टर ईसीजी काढायला सांगत, दादा टाळायचा. त्याची विडी होती, फाउंड्रीची धूळ होती. गोळी नसती तर तो इतकी वर्षं तरी असता का, हेही मला माहीत नाही. माझ्या जाडजूड प्रबंधात तिच्या प्रश्नाचं उत्तर नाही. "कळत नाही," मी म्हणाले. ती मान हलवून आत गेली.

अजूनही संध्याकाळचं जेवण झालं की वहिनी पाण्याचा तांब्या दाराजवळच्या खुर्चीपाशी नेऊन ठेवते. परवा ठेवला आणि तिच्याच ध्यानात आलं. तांब्या उचलायला ती वाकली नाही. मलाही हात पुढं करता आला नाही.