तळ्याला रजा नाही

"पानगळ संपू दे, मग जाऊ."

"पानगळ संपली की थंडी. थंडी सरली की शेवाळ. मग ऊन, मग पाऊस. तुमच्या त्या तळ्याला वर्षात एक तरी रजा आहे का हो?"

"अगं, तळं म्हणजे काय कपडे आहेत, घडी घालून कपाटात ठेवायला?"

काकू तेव्हा घड्याच घालत होती. तिने काकांचा शर्ट बॅगेत कोंबला, काकांनी तो बाहेर काढला. दूरच्या गावी त्यांची लेक बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. "आई, या वेळी बाबांना घेऊनच ये," असं तिने फोनवर बजावलं होतं. टॅक्सी सांगून झाली होती. काका येणार की नाही, एवढंच ठरायचं होतं.

गल्ली त्यांना ड्रायव्हरकाका म्हणते. जन्मभर त्यांनी शहराच्या बस चालवल्या. निवृत्त झाले आणि मागच्या अंगणात खणायला लागले. काकूला वाटलं, झाड लावताहेत. खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा तिने खिडकीतून विचारलं, "कुणाला पुरायचा बेत आहे?"

खड्ड्याचं तळं झालं, त्यात मासे आले, आणि तेव्हापासून काकांचं वर्ष त्या पाण्याभोवती फिरतं. उन्हाळ्यात पाणी आटतं, तर नळाचं पाणी आधी पिंपात दिवसभर उघडं ठेवून मग थोडं थोडं सोडायचं. मासे वर येऊन तोंडं उघडतात तेव्हा त्यांना भूक नसते, दम लागलेला असतो, म्हणून पंप रात्रीही चालू. पावसाळ्याआधी काठाला बांध, नाहीतर अंगणाचा चिखल आत. थंडीत मासे तळाशी सुस्तावतात. तेव्हा खायला घालायचं नाही, कितीही दया आली तरी. आणि आत्ता, पानगळीत, पाण्यावर जाळी ताणायची आणि तिच्यावरची पानं रोज उचलायची. पानं बुडाली की कुजतात आणि पाणी नासतं.

"गेल्या खेपेला गेलो होतो ना लग्नाला?" काका म्हणाले. "तुझ्या भावावर सोपवून? काय झालं?"

"माझ्या भावाचं नाव काढू नका."

"फिल्टरचा स्पंज साबणाने धुतला त्याने! पांढराशुभ्र करून उन्हात वाळत घातला! अगं, त्या घाणीतच तर पाणी राखणारे जीव असतात. स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळायचा, नुसता पिळायचा. आलो तेव्हा पाणी हिरवंगार, आणि म्हातारा मासा उताणा."

"चांगलं करायला गेला बिचारा."

"चांगलं करणाऱ्यांनीच मारलंय या तळ्याला."

काकू खुर्चीवर बसली. "गेला महिनाभर तुमचा गुडघा धरला होता. तुम्ही या खिडकीशी बसून होतात. तळं कोणी पाहिलं?"

"तू."

"मी? मला त्या गाळाची किळस येते, हे इतक्या वर्षांत कळलं नाही तुम्हाला? शेजारची टपालवाली यायची. कामावर जायच्या आधी, तुम्ही झोपलेले असताना. मी काठावर उभी राहून तुम्ही लिहून दिलेल्या सूचना वाचून दाखवायचे, ती हात घालायची. स्पंजसुद्धा तिनेच पिळला. आणि परवा तुम्हीच काय म्हणालात? यंदा पाणी काचेसारखं आहे."

काका खिडकीकडे वळले. जाळी ताठ ताणलेली होती. पानं काठाला ढिगाने रचलेली.

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर गुडघ्यासकट उड्या मारत गेला असतात. आपण गेल्यावरही तीच बघणार आहे."

शर्ट हातात तसाच धरून काका म्हणाले, "तिथे येऊन मी करू काय? सोफ्यावर बसू? जावई म्हणणार, बाबा, तुम्ही कशाला उठलात. पाणी हातात, ताट हातात. पाहुण्यासारखं गप्प बसून राहायचं, की झालं."

"तान्हं मूल आहे त्या घरात. हात कमी पडताहेत."

"मला काय कळतं मुलांतलं?"

"माशांचं काय आईच्या पोटातून शिकून आला होतात?"

काका हातातल्या शर्टाची घडी घालू लागले.

"आपली लेक लहान होती तेव्हा तुम्ही सकाळची पाळी नाहीतर रात्रपाळी," काकू म्हणाली. आवाज आता भांडणाचा नव्हता. "ती चालायला लागली, हे तुम्हाला मी सांगितलं. तिचा पहिला दात पडला, तेही मीच. या मुलीचंसुद्धा मीच येऊन सांगायचं का?"

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. काकांनी शर्ट बॅगेत टाकला, चेन ओढली, बॅग उचलली आणि मागे तळ्याकडे न वळता पुढच्या दाराने टॅक्सीकडे निघून गेले.