उत्तरेश्वरच्या गालावरचा तीळ

आमच्या बिबवेवाडीतल्या बॅनर छापणाऱ्या योगेशला कॉम्प्युटर कोणी घेऊन दिला, त्या माणसाला एकदा भेटायचंय मला. उगाच नाही बोलत, ऐका.

बायडाबाई माझ्या समोरच्या खोलीत राहते. पहाटे उठून पोळ्या लाटायच्या, आयटीतल्या पोरांचे डबे भरायचे, मग लेकीला शाळेत सोडायचं, हा तिचा दिवस. नवरा उत्तरेश्वर एका सॉफ्टवेअर कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. तापाचं निमित्त झालं आणि गेला. सृष्टी तेव्हा पाळण्यात होती. त्याचा फोटो एकच, ओळखपत्रावरचा. कंपनीने ओळखपत्रसुद्धा परत मागितलं! नशीब, बायडाबाईने आधीच योगेशच्या दुकानात तो स्कॅन करून घेतला होता.

दरवर्षी श्राद्धाच्या आधी ती दारावर लावायला छोटा बॅनर करून घेते. योगेश गेल्या वर्षीचीच फाईल उघडायचा, 'प्रथम पुण्यस्मरण'चं 'द्वितीय', मग 'द्वितीय'चं 'तृतीय' करायचा, तिच्यावरच सेव्ह मारायचा आणि छापून द्यायचा. जुना बॅनर बायडाबाई गुंडाळून ट्रंकेत ठेवायची.

यंदा नवा बॅनर हातात घेऊन ती म्हणाली, "ह्यांच्या गालावरचा तीळ कुठं हाय रे? डोळं बी पुसल्यागत दिसतात."

"मावशी, तुमची नजर गेलीय. चष्मा लावा."

आणि ही भोळी बाई खरंच डोळे तपासून, पदरचे पैसे मोडून चष्मा करून आली! चष्म्यातून फोटोवरचे डाग तेवढे जास्त स्पष्ट दिसायला लागले.

मी म्हटलं, "पहिला बॅनर काढ ट्रंकेतून. चल माझ्याबरोबर."

सृष्टीला घेऊन आम्ही दुकानात गेलो. पहिला बॅनर काउंटरवर पसरला. तीळ जागच्या जागी होता, डोळे हसरे होते.

योगेश मान खाजवत म्हणाला, "मंदाकाकू, फोटोची ही जेपीजी फाईल असते ना, तिचं असंच असतं. साइज कमी करून सेव्ह केलं की दर वेळी थोडं थोडं उडतं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"होतं, पण एवढं बारीक कोण बघतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे मेल्या, मूळ फोटो वेगळा ठेवायला तुझं काय जात होतं?"

"जागा लागते हो, काकू."

जागा! आणि त्याच कॉम्प्युटरवर दिवसभर सिनेमाची गाणी बोंबलत असतात, त्यांना बरी जागा मिळते.

तेवढ्यात सृष्टी टाचा उंच करून काउंटरवर डोकावली. दारावरच्या पुसट चेहऱ्यालाच बाबा म्हणत आलेल्या तिने पहिल्या बॅनरवरच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आई, हे काका कोण?"

बायडाबाईने चष्मा काढला आणि योगेशच्या कीबोर्डवर ठेवला.

"घे, तूच लाव," ती म्हणाली. "आन् सांग माझ्या लेकीला, ह्ये कोण हायेत ते."