पंख्याचा अपराध

घुग्घुसच्या रेल्वे फाटकावर कोळशाची मालगाडी जाईपर्यंत दुपारच्या पाळीचे खाणकामगार खोळंबतात. त्यांच्यातला एक मला तिथे रोज दिसायचा. नाव कधी विचारलं नाही. मोटारसायकल नवी, रेडिएटरवाली. फाटकात उभी राहिली की थोड्या वेळाने तिचा पंखा सुरू व्हायचा आणि तो वाकून, रोग्याकडे पाहावं तसा, तिच्याकडे पाहायचा.

एकदा मी सांगितलं, चालत्या गाडीला वारा पुरतो. उभ्या गाडीचं पाणी तापलं की पंखा फिरायलाच हवा.

ऐकायचंच नसतं तेव्हा माणसं हलवतात तशी त्याने मान हलवली. "भाऊ, पंखा फिरते म्हणून तर गाडी तापते. बंद असते तवा हात लावून पाहा, थंडी राह्यते."

दुसऱ्या दिवशी त्याने पंख्याची वायर काढून टाकली. आवाज गेला, म्हणजे आजार गेला. हिवाळा निभावला आणि त्याचा सिद्धांत पक्का झाला.

मे महिन्यात एकदा मालगाडी फाटकातच अडली. दोननंतर खाणीत हजेरी लागत नाही. फाटक आता उघडेल म्हणून त्याने इंजिन चालूच ठेवलं. पावणेदोनला रेडिएटरमधून वाफ उसळली, पाणी रस्त्यावर वाहिलं, इंजिन बंद पडलं.

फाटक उघडलं तेव्हा दोन वाजून गेले होते. तो गाडी ढकलत निघाला.

"आता तरी वायर जोडा," मी म्हटलं.

त्याने घाम पुसला. "कायले जोडू? काढून ठेवली तरी एवढी तापली. जोडली असती तर जळालीच असती ना, भाऊ."