निंबाच्या गिटारचे लटकते व्हॉल्व्ह

निंबा पाचोऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, पण ओळख विचारली की सांगायचा, "मी गिटारिस्ट." त्याला येत होती साडेचार गाणी. पाचवं अर्ध्यावर आलं की तो डोळे मिटून मान हलवायचा, म्हणजे लोकांना वाटावं की मुद्दामच थांबला.

सत्त्याऐंशी साली भुसावळचं एक रेल्वेवालं कुटुंब घरदार विकून परदेशी निघालं. त्यांच्याकडून निंबाने गिटारचा अँप्लिफायर आणला. पेटाऱ्याएवढा, काळा, जुन्या पद्धतीचा. आत काचेचे व्हॉल्व्ह होते, लांबट बल्बसारखे, आणि तेही उलटे, वटवाघळासारखे लटकलेले. त्यांना धरून ठेवणाऱ्या तारेच्या पकडी केव्हाच हरवल्या होत्या. घरात ठेवला तर अँप गुणी बाळ होता. पण निंबा रतिलालच्या बँडमध्ये वाजवायचा, आणि हा बँड वरातीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून जायचा. पहिल्या खड्ड्यालाच एखादा व्हॉल्व्ह निसटायचा आणि गिटार मुकी व्हायची.

"तुझी गिटार लाजरी आहे का रे?" रतिलाल विचारायचा. "गाव दिसलं की गप्प बसते."

निंबाने सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून पाहिली. व्हॉल्व्ह तापले, रबर वितळलं, आणि जळक्या वासाने घोडी नवरदेवाला घेऊन उसात शिरली. मग त्याने बायकोच्या, भिकुबाईच्या, परकराचा नाडा घेतला. सुती होता, वितळणार नव्हता. पण जामनेरकडच्या एका लग्नात ऐन रंगात अँपमधून धूर निघाला. निंबाने मागची फळी उघडून धुमसणारा नाडा बाहेर ओढला. तो कशाचा नाडा आहे हे ओळखायला वऱ्हाडातल्या बायकांना अजिबात वेळ लागला नाही.

"तुमना बँडमा मना नाडा कसाले लागस?" घरी आल्यावर भिकुबाईने एवढंच विचारलं. निंबाने तिला तांत्रिक बाजू समजावली. ती ऐकत होती, पण परकर त्या दिवसापासून पेटीत कुलूपबंद झाले.

रावेरकडच्या एका केळीवाल्याच्या घरचं लग्न ठरलं. मोठं घराणं. रतिलालने स्पष्ट सांगितलं, "या वेळी गिटार बंद पडली तर तू ट्रॉलीवरून खाली आणि पुन्हा वर नाही."

निघायच्या दिवशी निंबा पहाटे अंगणात दात घासत उभा होता. समोर न्हाणी होती. तीन बाजूंनी भिंत, चौथीला पडदा, आणि पडदा ओवलेला एका लांब स्प्रिंगवर. निंबाचा ब्रश तोंडातच राहिला. लोखंडी स्प्रिंग जळणार नव्हती आणि ताणून बसवली तर खड्ड्यातही ढिली पडणार नव्हती. त्याने ती काढली, वरचं प्लास्टिक सोलून टाकलं, तुकडे केले आणि अँपच्या पत्र्याला भोकं पाडून प्रत्येक व्हॉल्व्हखाली एकेक तुकडा पाळण्यासारखा ताणून अडकवला. पडदा दोन खिळ्यांना नुसता टांगला आणि टेम्पोत बसून गेला.

त्या आठवड्यात त्याचे सासरे कौतिक आबा डोळे तपासायला आले होते. हा माणूस टोपीशिवाय आरशासमोरही जायचा नाही. टेम्पो गेल्यावर ते आंघोळीला बसले. शेजारची शेळी आली, तिने पडद्याचं टोक चावून ओढलं आणि अख्खा पडदा घेऊन चालू लागली. समोरच्या नळावर बायकांची रांग होती. आबांच्या हातात तांब्या होता, आणि तो लहान होता.

इकडे रावेरला ट्रॅक्टर पाटाच्या चारीत एवढा आदळला की ढोलकीवाला रतिलालच्या मांडीवर जाऊन बसला. गिटार मात्र वाजत राहिली. निंबाने साडेचारही गाणी तीन-तीनदा वाजवली. पाचवं पहिल्यांदाच पूर्ण झालं, म्हणजे जे येत नव्हतं ते त्याने सरळ रचून टाकलं. नवरदेवाच्या बापाने त्याच्या गळ्यात स्वतःचं उपरणं घातलं.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी घरी परतला, उपरण्यासकट. आबा ओट्यावर धोतर, कोट, टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"स्प्रिंग कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"आबा, ती आता काढता येणार नाही. माझी सगळी कला तिच्यावर उभी आहे."

"मनी इज्जतबी तिनावरच उभी होती," आबा म्हणाले आणि स्टेशनकडे चालू लागले. भिकुबाई दाराशी तोंडावर पदर धरून उभी होती. ती रडते आहे असं निंबाला वाटलं, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते. दोन दिवसांनी तिने स्वतः न्हाणीला पत्र्याचं दार ठोकून घेतलं.

पुढे सात-आठ वर्षं निंबा खड्ड्यांना न भिता हिंडला. मग रतिलालने कीबोर्ड आणला. त्या एका पेटीत गिटारही होती, आणि ती रुसत नव्हती. निंबा घरी बसला.

थंडी पडली तशी तो संध्याकाळी ओट्यावर अँप लावून बसू लागला. व्हॉल्व्ह लालसर पेटायचे, मागच्या फळीतून छान ऊब यायची. गल्लीतल्या म्हाताऱ्या एकेक करून हात शेकायला जमू लागल्या. निंबा खूश झाला. श्रोते आले म्हणून त्याने गिटार मांडीवर घेतली.

शेजारची आक्काबाई हात चोळत म्हणाली, "निंबाभाऊ, वाजाडू नको रे. नुसतं चालू ऱ्हाऊ दे."