गच्चीवरून परत आलेली दाढ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर मीही हसलोच असतो. लातूरला एका क्लासमध्ये मी बायोलॉजी शिकवतो. भुताखेताचा विषय निघाला की टर उडवायला सगळ्यात पुढे मीच! पण मागच्या उन्हाळ्यात मुखेडला आमच्या घरी जे झालं ते... बघा तुम्हीच.

माझी खालची अक्कलदाढ लातूरच्या एका डॉक्टर मॅडमनी काढली. चिवट होती, बराच वेळ झटापट चालली. आदल्या दिवशी मायचा फोन आला होता — काढलेली दाढ तिथंच टाकून येऊ नको, घरी आण. आमच्याकडे पडलेला दात घराच्या छपरावर फेकतात. तसं हे दुधाच्या दातांचं, पण माय माझं वय कुठं बघते! म्हणून मॅडम हात धुवायला वळल्यावर मी ट्रेमधली दाढ गुपचूप रुमालात बांधून खिशात टाकली.

आरामाला म्हणून मुखेडला गेलो. आराम कसला, गालाचा भोपळा झाला. अंगात कणकण, तोंडात जेमतेम चमचा जायचा. इकडे नवीन बॅच तोंडावर आलेली. बोलण्यावर आमचं घर चालतं. सरच मुके निघाले तर पोरं दुसरा क्लास गाठतात. मी ठरवलं, कुणाला काही सांगायचं नाही. पेनकिलर घ्यायची, ओव्याचा शेक घ्यायचा आणि दम धरायचा. पुन्हा त्या खुर्चीत बसायची मला भीती वाटत होती, हेही खरं.

सकाळी मायनं दाढ मागितली. आमचं घर स्लॅबचं. वर सपाट गच्ची, चारी बाजूंनी कमरेइतका कठडा, जिन्याच्या दाराला कुलूप. मी अंगणातून दाढ फेकली. ती वर पडल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला. मग चहाला बसलो, तर हौदाजवळच्या फरशीवर दाढ!

कावळ्यानं टाकली असेल म्हणालो आणि पुन्हा फेकली. थोड्या वेळानं ती उंबऱ्याशी सापडली. मी खार म्हणालो, मग वारा म्हणालो. वारा! झाडाचं पान हलत नव्हतं. तिसऱ्यांदा जोर लावून पार मधोमध फेकली आणि आम्ही दोघं वर टक लावून अंगणात उभे राहिलो. काहीच खाली आलं नाही. मी खुशीत दाराशी गेलो, चपलेत पाय घातला... आणि अंगठ्याखाली काहीतरी टोचलं.

चप्पल झटकली तर दाढच बाहेर पडली. खोटं कशाला बोलू!

मला वाटलं, माय आता लिंबू-मिरची काढते. पण तिनं दाढ उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "ती तुझ्याकडंच यायली, बाबा," ती म्हणाली. "तिला काय झालंय ते तूच बघ."

बघितली. फळ्यावर दाढेची आकृती काढणारा मी, पण माझीच दाढ तोवर एकदाही नीट बघितली नव्हती. दोन मुळं. एक टोकापर्यंत निमुळतं. दुसरं मधेच तुटलेलं, खडबडीत. मग उरलेला तुकडा कुठं असणार?

मिळेल त्या एसटीनं लातूर गाठलं. मॅडमनी आधी दाढ बघितली, मग एक्स-रे. मुळाचा तुकडा आतच होता, भोवती पू झालेला आणि सूज गळ्याकडे उतरायला लागलेली. शेकाचं सांगितल्यावर तर त्यांनी मला चांगलंच झापलं. मग म्हणाल्या, "सर, दाढ ट्रेमध्ये असती तर मला तेव्हाच कळलं असतं. आणि आज आला नसतात तर उद्या श्वासाचं अवघड होतं."

तुकडा निघाला; या वेळी दाढ आणि तुकडा मॅडमना विचारूनच घेतले. इंजेक्शनं झाली, सूज उतरली आणि बॅचही वाचली. पहिले काही तास फळ्यावर लिहूनच निभावले. पोरांना तेच जास्त आवडलं!

मग सुट्टी बघून मुखेडला गेलो. मायनं दाढ आणि तुकडा एका चिंधीत घालून घट्ट गाठ मारली. मी फेकली. दुपारपर्यंत वाट बघितली... फरशीवर नाही, उंबऱ्याशी नाही, चपला तर झटकून झटकून बघितल्या. मग मात्र राहवेना. किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि गच्चीवर गेलो.

चिंधी मधोमध पडली होती. मायची गाठ जशीच्या तशी, दातांनी सोडवावी लागली इतकी घट्ट. आत काहीच नव्हतं! सगळी गच्ची झाडून काढली, तरी काही नाही.  याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर जरूर सांगा, मी आता हसणार नाही.

खालून मायचा आवाज आला. "हाय का रं वर?"

"न्हाई, माय. गेली."

"मग ये खाली. भाकरी थंड व्हायली."

गेलो. आणि किती तरी दिवसांनी, तोंड पूर्ण उघडून, पोटभर जेवलो.