मानेतली पांढरी रेघ

केकवाला गल्लीच्या नजरेत पहिल्यांदा भरला तो तीन मजली केक दोन्ही हातांवर तोलत रस्ता ओलांडताना. पुढे त्याची शाळकरी माऊ उलट्या पावली चालत होती. "बाबा, खड्डा. बाबा, सायकल." बापाला केकपलीकडचं काही दिसतच नव्हतं.

माऊ कॉलेजात गेली, तरी संध्याकाळी दुकानात येऊन भांडी घासायची. पोरगी कामाची निघाली, असं तो गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगे. क्रीम फुलवायच्या गॅसच्या बोटाएवढ्या नळकांड्या हल्ली भराभर संपत. त्याला वाटायचं, धंदा वाढतोय.

मग माऊ अडखळू लागली. पायातून चप्पल निसटली तरी तिला कळेना. चालतेस की नाचतेस, म्हणून त्यानं चेष्टाही केली. ती जिन्यात कोसळली, तेव्हा मात्र तो तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी मानेचा एमआरआय काढायला लावला. पडद्यावर मणक्यांमधून उतरणारा करडा मज्जारज्जू दिसत होता आणि त्याच्या मागच्या अंगाला एक लांब पांढरी रेघ.

"आत क्रीम भरल्यासारखं दिसतंय," केकवाला म्हणाला. घाबरलेला माणूस काहीबाही बोलतो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याचा धंदा विचारला, मग क्रीम कशानं फुलवता, तेही विचारलं. त्यानं सांगितलं तशा त्या माऊकडे वळल्या. ती खाली मान घालून बसली होती.

तो गॅस फुग्यात भरून ओढायचे, माऊ म्हणाली. आधी मैत्रिणींबरोबर गंमत म्हणून, मग एकटीच, भांडी घासताना. त्या गॅसनं शरीरातलं बी-बारा जीवनसत्त्व निकामी होतं आणि मज्जारज्जू झिजत जातो, बाईंनी समजावलं. इंजेक्शनं घ्यायची आणि गॅसला पुन्हा शिवायचं नाही. तरच पाय परत येतील, तेही कदाचित अर्धेमुर्धे.

त्यानं त्याच दिवशी सगळ्या नळकांड्या टाकून दिल्या. माऊ भिंत धरून चालू लागली. त्याच्या जिवात जीव आला. आणि एक दिवस ती पुन्हा पडली. गादीखाली फुगे निघाले. नळकांड्या कुठून आणल्यास, ते तिनं काही केल्या सांगितलं नाही.

"मी हात जोडू का तुझ्यापुढं, माऊ?"

"ओढलं की तेवढा वेळ पाय आठवत नाहीत, बाबा."

पुढच्या एमआरआयमध्ये रेघ आणखी खाली उतरली होती.

केकवाला आता फक्त पाव आणि बिस्किटं करतो. सकाळी माऊच्या बुटांच्या नाड्या बांधतो, तिला पाठुंगळी घेऊन जिना उतरतो आणि भट्टीसमोरच्या खुर्चीत बसवतो.